रुसलेले मोर

मी रिक्षातून उतरले तेव्हा चादर माझ्या मांडीवर होती. दुपारची वेळ. दवाखान्याच्या फाटकाशी आमचा मुलगा उभा होता. त्याने पुढे येऊन आधी चादर माझ्या हातातून घेतली आणि मग माझा हात धरला. आधी चादर आणि मग हात... तेवढ्यावरून मला कळलं. त्या सकाळी मास्तरांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, आणि माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांना घरी यायचं होतं आणि मी डॉक्टरांच्या बाजूने होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, मी खिडकीकडे. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, "थंडी वाजतेय. मोर आण की." मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. घरी ट्रंक उघडून मोरांची चादर काढली, तिचा डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून दोनदा झटकली आणि परत आले, तोवर उशीर झाला होता. त्यांच्यावर पांढरी चादर आधीच ओढलेली होती. आमची चादर घडी घातलेलीच घरी परत आली.

याला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली, आणि वन्सं, म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, रीतीप्रमाणे आवराआवरीला बसल्या. मास्तरांचे शर्ट, धोतरं, स्वेटर, उशी, गादी सगळं द्यायचं काढलं. मी ते काढू दिलं, शर्टाला माणूस नसेल तर तो ठेवून तरी काय करायचं. मग त्यांचा हात त्या चादरीवर पडला आणि मी म्हटलं, ही नाही. वन्सं समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "वैनी, गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत न्हायती." मी म्हटलं, त्यांनी ती त्या दिवशी पांघरलीच नाही. त्या म्हणाल्या, मागितली तर होती की. इतक्या जुन्या, विटलेल्या चादरीपायी मी हटून बसावं याचं त्यांना नवल वाटलं. मुलगा पुण्याहून आलेला, तोही म्हणाला, आई, मी तुला नवी आणतो. त्या दोघांना मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. माझ्या पाठीमागे ही चादर कुणी मुकाट्याने देऊन टाकू नये म्हणून ते छापलेलं असलेलं बरं.

आमचं लग्न ठरायच्या आधी आम्ही एका खोलीत काम करत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझे वडील, आमचे दादा, होटगीला रेल्वेत. मी मॅट्रिक झाले आणि घरी बसून कंटाळले. सोलापुरात चादरींचा एक कारखाना होता. तिथे पत्ते मारायला मुलगी हवी आहे असं कळलं, तशी मी दादांच्या मागे लागले. आमचे दादा सहजासहजी ऐकणारे नव्हते, पण मी त्यांचीच मुलगी. रोज सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं या अटीवर त्यांनी सोडलं. कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. डिझाइनच्या खोलीत एकच माणूस बसायचा. वय चोवीस-पंचवीस, अंगाने काटकुळा, बोटांना सदा रंग. सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. ते मला होटगीकर म्हणत. तेही शेवटपर्यंत.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चौकटीच्या कागदावर मास्तर नक्षी रंगवायचे. त्यातली एकेक ओळ म्हणजे पुठ्ठ्याची एकेक पट्टी, तिला पत्ता म्हणायचं. कागदावर जिथे रंग, तिथे पत्त्याला भोक. असे शेकडो पत्ते ओवून त्यांची माळ मागावर चढवली की माग ती भोकं वाचत जातो आणि खाली चादर विणली जाते. कागदावर चादर अर्धीच काढायची. उरलेली अर्धी माग आरशासारखी उलटवून आपोआप विणतो. मास्तर ओळ वाचायचे आणि मी मशीनवर भोकं पाडायची. रंगीत चौकोनाला ते म्हणत "मार", रिकाम्याला "सोड". दोन मार, तीन सोड, एक मार, पाच सोड. दिवसभर हेच चालायचं. होटगीच्या गाडीची चाकंसुद्धा मला मार-सोड म्हणताना ऐकू यायची.

अण्णांच्या आई, अव्वा, कारखान्याच्या मागेच राहायच्या. लग्नाची मुलगी आणि लग्नाचा मुलगा एका खोलीत बसतात हे त्यांना पसंत नव्हतं. पण माणूस तर हवाच होता. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. लाकडी चौकटीचा एक उंच पडदा सुताराकडून करवून घेतला आणि आमच्या दोघांच्या मधोमध उभा केला. अलीकडे मी, पलीकडे मास्तर. मास्तर नक्षीचा कागद त्या चौकटीतल्या एका मोकळ्या खणावर टाचून ठेवायचे आणि त्यांच्या बाजूने वाचायचे. मला फक्त आवाज यायचा. अव्वा दारात शेंगा फोडत बसून आमच्यावर लक्ष ठेवायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं आणि आमचं काम हे असं बरळल्यासारखं, त्यामुळे मास्तरांचं फावलं. तीन मार, दोन सोड, आज डब्यात काय हाय, चार मार, एक सोड, कालची चटणी लई तिखट होती, दोन मार. हे सगळं एका सुरात, गुरुजी मंत्र म्हणतात तसं. मला हसू आवरायचं नाही. एकदा मी हसता हसता भलतीच कळ दाबली आणि टॉवेलावरच्या गुलाबाला शेपूट आलं. ते टॉवेल गावोगाव खपले आणि कुणी तक्रार केली नाही. गुलाबाला शेपूट नसतं, हे आंघोळीच्या वेळी कोण बघणार.

डब्याचं म्हणाल तर तो पडद्याच्या खालच्या फटीतून जायचा. माझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पलीकडे, त्यांच्या आईने दिलेली वांग्याची भाजी अलीकडे. हे आपल्याला कुणी बघत नाही अशी आमची खात्री होती. एके दिवशी चटणीची वाटी पलीकडे सरकवली आणि रिकामी वाटी परत आली ती दाराच्या बाजूने. अव्वांनी मधल्यामध्ये उचलून संपवली होती. "उद्या जरा जास्त आण," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. तेव्हापासून मी तिघांची चटणी आणायला लागले.

मास्तरांचा वेंधळेपणा हा तर स्वतंत्र विषय आहे. रंगाचा पेला आणि चहाचा पेला ते शेजारी शेजारी ठेवायचे. हे मी त्यांना पडद्याअलीकडून कैकदा सांगितलं. एका सकाळी बाहेरगावचे व्यापारी नमुने बघायला आलेले असताना मास्तरांनी गप्पांच्या नादात हिरव्या रंगाचा घोट घेतला आणि तसेच पुढे होऊन, दात दाखवून, अदबीने सगळ्यांना नमस्कार केला. व्यापारी मागे सरकले. अण्णा म्हणाले, आमचे मास्तर कामात अगदी रंगून जातात. ती ऑर्डर मिळाली. मास्तर पुढे दोन दिवस ओठ मिटून बोलत होते, आणि त्यांचं मार आणि सोड मला सारखंच ऐकू येत होतं.

असं सगळं छान चाललं असताना मोहोळचं स्थळ आलं. मुलाचं किराणा दुकान, घरची शेती, दादांना पसंत. मुलगा मला बघून गेला आणि त्यांचा होकार आला. मी दुसऱ्या दिवशी कामावर येऊन पडद्याकडे तोंड करून मास्तरांना हे सांगितलं. खरं सांगायचं तर सांगायची काही गरज नव्हती. पण मला ऐकायचं होतं ते काय म्हणतात ते. पलीकडून आवाज आला, "चांगलंच हाय की. मोहोळ मोठी बाजारपेठ हाय." बाजारपेठ! इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी म्हटलं, आजपासून मला वाचून दाखवायची गरज नाही, माझं मी बघेन. ते म्हणाले, बघा तुमचं तुम्ही.

त्या आठवड्यात अण्णांकडे एक मोठी ऑर्डर होती. एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं आणि पाहुण्यांना द्यायला खास चादरी हव्या होत्या. मधोमध कलश आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बघणारे दोन मोठे मोर. मास्तरांनी कागदावर एक मोर आणि त्याच्या चोचीपुढे अर्धा कलश काढून कागद नेहमीप्रमाणे चौकटीवर टाचला, तोंड त्यांच्या बाजूला. उन्हाळ्याचे दिवस. त्यांच्या मागच्या खिडकीतून असं लख्ख ऊन यायचं की कागदाच्या पाठीवरही रंगाचे चौकोन मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसायचे. उठून पलीकडे जायचं म्हणजे त्यांच्या शेजारी उभं राहायचं, आणि ते मी मरेपर्यंत करणार नव्हते. मी माझ्या बाजूनेच कागद वाचला आणि पत्ते मारले. ते पलीकडे माझ्या मशीनचा आवाज ऐकत होते. वाचून न दाखवता ही कशी मारते आहे असं त्यांनी विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं आलं. त्यांनीही ते केलं नाही. माळ मागावर चढली. मागावरच्या माणसाला वाटलं, नवीन फॅशन असेल.

चादरींचा पहिला गठ्ठा तयार झाला आणि अण्णांनी एक चादर जमिनीवर अंथरली. मोर होते. पण दोघांनी एकमेकांकडे पाठ केली होती. मी कागद पाठीमागून वाचला होता, त्यामुळे डावं ते उजवं झालं होतं. शेपट्या मधोमध भिडलेल्या, तोंडं दोन टोकांना, आणि कलशाचे दोन तुकडे होऊन अर्धा या काठाला, अर्धा त्या काठाला. अण्णांनी चादर उलटी करून बघितली. उलटीकडून रंग बदलले, मोर रुसलेलेच. त्यांनी ती फिरवून उशाकडची बाजू पायथ्याला केली, तर मोर डोक्यावर उभे राहून रुसले. मग त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. लग्न तोंडावर आलंय, म्हणाले, माझी पत जायची वेळ आलीय. ज्याची चूक असेल त्याने उद्यापासून येऊ नये. मी म्हटलं, चूक माझी. मास्तर म्हणाले, कागद मी टाचला, चूक माझी. मी म्हटलं, पत्ते मी मारले, त्यांचा काय संबंध. ते म्हणाले, वाचून दाखवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आम्ही आठवडाभरात पहिल्यांदाच बोलत होतो, आणि तेही अण्णांकडे बघून, एकमेकांकडे नाही. माझ्या मनात एकच होतं, मी तर मोहोळला जाणारच आहे, निदान या माणसाची नोकरी राहू दे. त्यांच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. माझी नोकरी गेली तर दादा मला पुढच्याच मुहूर्तावर उजवून टाकतील, ही त्यांना धास्ती होती.

इतका वेळ दारात बसलेल्या अव्वा उठल्या. त्यांनी चादरीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मी इकडे तोंड करून उभी, मास्तर तिकडे. अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "ह्ये मोर कुटं हायती? ह्ये तर ह्येच दोगं हायती की." मागावरची माणसं तोंड लपवून हसायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तेव्हा मास्तरांनी वाकून ती चादर उचलली. सोलापूरचा वैशाख. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. आणि या माणसाने ती जाडजूड चादर अंगाभोवती गुंडाळून घेतली, दोन्ही काठ छातीशी आणले आणि मुठीत धरले. दोन बाजूंचे मोर फिरून पुढे आले, चोचीसमोर चोच आली आणि मध्ये कलश अख्खा झाला. "अण्णा, अंथरायची न्हाय ही. पांघरली की जुळतंय," ते म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या. एवढ्या माणसांत, रोजचं तुम्ही-आम्ही सोडून, म्हणाले, "मोहोळला जाऊ नको."

अशा वेळी बाईने लाजायचं असतं म्हणतात. मी म्हटलं, "आधी ती चादर काढा, घेरी येईल."

त्या दिवशी अण्णांनी कुणालाच काढलं नाही. ऑर्डर मात्र वेळेत द्यायची होती. पत्ते पुन्हा मारायचे म्हणजे आठवड्याचं काम तीन दिवसांत. अव्वांनी स्वतः येऊन तो पडदा बाजूला ओढायला लावला. म्हणाल्या, ह्याच्या पायीच झालं समदं. आम्ही पहिल्यांदा शेजारी शेजारी बसलो आणि मान मोडेपर्यंत काम केलं. त्या तीन दिवसांत मास्तर मार आणि सोड याशिवाय एक अक्षर बोलले नाहीत. घाई होती, आणि लाजही वाटत होती. चादरी वेळेवर गेल्या. मोहोळचं मात्र मलाच निस्तरायचं होतं. मी दादांना सांगितलं की मला त्या घरी जायचं नाही, मला मास्तरांशी लग्न करायचं आहे आणि लग्नानंतरही मी पत्ते मारणार आहे. दादा काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण न बोलण्यात मला आता कुणी हरवणार नव्हतं. शेवटी ते एका रविवारी स्वतः सोलापुरात आले, कारखान्यात अण्णांशी बोलले, अव्वांच्या हातचा चहा प्यायले आणि परत जाताना मास्तरांना म्हणाले, पोरगी हट्टी हाय, मागनं तक्रार चालायची न्हाय. मास्तर म्हणाले, ते मला माहीत हाय.

आमच्या लग्नात अण्णांनी त्या सगळ्या फसलेल्या चादरी आहेर म्हणून वाटून टाकल्या. होटगीच्या आणि सोलापूरच्या पाहुण्यांपैकी एकही घर सुटलं नाही. पुढे कित्येक वर्षं कुणाकडे मुक्कामाला गेलं की रात्री अंगावर रुसलेले मोर यायचे आणि आम्ही दोघं अंधारात हसायचो. लग्नाआधी आम्ही चूक माझी म्हणून भांडलो, आणि लग्नानंतरची चाळीसहून जास्त वर्षं चूक तुमची, चूक तुझी म्हणून. मी म्हणायचे, कागद तुम्ही तुमच्याकडे तोंड करून का टाचला? ते म्हणायचे, चार पावलं उठून यायला काय झालं होतं? हा खटला कधी निकाली निघाला नाही. पण घरात कुठल्याही गोष्टीवरून मोठं भांडण झालं, अबोला धरला गेला, की तो तुटायची एक ठरलेली रीत पडली. मास्तर ट्रंकेतून ती चादर काढायचे, अंगाभोवती गुंडाळायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. बोलायचं काही नाही. काठ मुठीत धरलेले, मोर समोरासमोर. मे महिना असला तरी. मग मी चहा टाकायचे. मुलगा लहानपणी शेजाऱ्यांना सांगायचा, आमच्या बाबांना राग गेला की थंडी वाजते.

आता तुम्हाला कळेल, दवाखान्यात त्या सकाळी ते काय मागत होते. पांघरूण तर तिथेही होतं, पायाशी घडी घालून ठेवलेलं. मी रिक्षात बसले तेव्हाच मला ते कळलं होतं आणि मी वाटभर हसत होते. उशीर झाला याचं दुःख मला आहे, ते मरेपर्यंत राहील. पण ते गेले तेव्हा आम्ही भांडलेले नव्हतो. त्यांनी मोर मागितले आणि मी आणायला उठले, तिथेच ते मिटलं होतं. मी हे ठामपणे सांगते, कारण गेल्या काही आठवड्यांत मला या एकाच वाक्याने उभं ठेवलं आहे.

हे सगळं ऐकून वन्सं कितीतरी वेळ चादरीवरून हात फिरवत बसल्या. त्या आमच्या लग्नात परकरी पोर होत्या आणि पुढे त्यांच्याबरोबर त्यांच्याही सासरी एक रुसलेली चादर गेली होती. मग म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटायचं, डिझाइनच तसलं हाय." आणि ती घडी घालून त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रंकेत परत ठेवली. मुलगा पुण्याला चल म्हणत होता. त्याला मी सांगितलं की दिवाळीत येईन, आठ दिवस राहीन आणि परत येईन. समोरच्या खोलीत मास्तरांचं टेबल आहे. पत्ते आणि भोकं जाऊन आता कित्येक वर्षं झाली. कॉम्प्युटर मी पन्नाशीत शिकले, मास्तरांनी मात्र शेवटपर्यंत कागद आणि ब्रश सोडला नाही. ते रंगवायचे, मी मशीनमध्ये उतरवायची. त्यांचं एक काम टेबलावर अर्धं राहिलं आहे. एका टॉवेलाचं, वेलाच्या नक्षीचं. ते काम देणारा दुकानदार म्हणाला, राहू द्या आता. मी म्हटलं, का राहू द्यायचं? वेळ लागेल, पण देईन.

काल सकाळी सोलापुरात चांगली थंडी होती. मी ट्रंक उघडली, चादर काढली आणि अंगाभोवती घेतली. आजवर ती मी त्यांच्या अंगावरच बघत आले होते, स्वतः कधी अशी गुंडाळली नव्हती. काठ छातीशी धरून मान खाली घातली. मोर विटलेत, एकाची शेपटी कसरीने खाल्ली आहे, पण चोचीसमोर चोच बरोबर येते आणि कलश अजून जुळतो. तशीच जाऊन मी समोरच्या खोलीच्या दारात उभी राहिले. टेबल, ब्रश, रंगाचा पेला, आणि त्याच्या अगदी शेजारी चहाचा पेला... मी तो अजून हलवलेला नाही. बराच वेळ उभी होते. डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत. मग म्हटलं, "मास्तर, चूक तुमचीच होती." थोडं थांबले. मग चादर तशीच अंगावर ठेवून मी त्यांच्या खुर्चीत बसले, वेलाचा कागद पुढे ओढला, आणि वाचायला लागले, मोठ्याने, त्यांच्या बाजूने. दोन मार, तीन सोड.